पळसाच्या पानांचा नवरा

मी माझ्या नवऱ्याला एकदा अग्नी दिला आहे, माझ्या स्वतःच्या हाताने. देवासच्या आमच्या मुलींच्या शाळेत नवीन बाई रुजू झाली की कोणीतरी तिच्या कानात हे घालतं आणि मग ती बिचारी पंधरा दिवस माझ्याशी जपून बोलते. म्हणून आधीच सांगून टाकते: अग्नी दिला तो पळसाच्या पानांच्या पुतळ्याला. खरा नवरा त्यानंतर काही वर्षांनी आपल्या पायांनी चालत घरी आला. तो खरंच मेला असता तर सांगण्यासारखं फारसं काही नव्हतंच.

माझं माहेर देवासचं, सासर धारचं. दोन्ही घरं संस्थानांच्या चाकरीतली, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर मालवी बोलणारी. सासरे मी यायच्या आधीच गेले होते. घरात सासूबाई नर्मदाबाई आणि त्यांचा एकुलता एक मुलगा शरच्चंद्र. हा मोठ्या लढाईत वायरलेसवर होता. ब्रह्मदेशाच्या डोंगरांत करेन नावाचे लोक राहतात. त्यांना हाताशी धरून इंग्रज साहेब जपान्यांशी लढत होते, आणि त्या साहेबांच्या मागून पाठीवर वायरलेसची पेटी घेऊन हा धारचा ब्राह्मण चालत होता. लढाई संपली, तो परतला, संस्थानच्या छोट्याशा फौजेत पोरांना वायरलेस शिकवायला लागला आणि आमचं लग्न झालं.

आमच्या घरात दिवसाउजेडी वडीलधाऱ्यांसमोर नवरा-बायकोने बोलायचं नसे. सासूबाई तर सकाळपासून स्वयंपाकघराच्या दारातच ठाण मांडून बसलेल्या. यावर शरच्चंद्राने युक्ती काढली. त्याने मला वायरलेसची ठोक्यांची भाषा शिकवली, सगळी नाही, कामापुरती. नखाने ओरखडा म्हणजे लांब, टिचकी म्हणजे आखूड. तो ओसरीच्या खांबावर वाजवायचा, मी आतून उलथन्याने कढईवर उत्तर द्यायची. सासूबाई म्हणायच्या, "सूनबाई, एक दिवस कढईला भोक पाडशील तू." त्यातली एक खूण मला सगळ्यांत आवडायची: लांब, आखूड, लांब. तिचा अर्थ, बोल, मी ऐकतोय. त्या घरात मला असं विचारणारा तो एकटाच होता. दोन वर्षं मी खरोखर सुखात होते.

अठ्ठेचाळीस साली संस्थानं गेली, मध्यभारत झाला आणि धारची फौज मोडली. शरच्चंद्र ओसरीवर बसून राहायला लागला. माणूस रिकामा बसला की त्याच्याजवळ कोणीही येऊन बसतं. याच्याजवळ लढाईतला त्याचा ब्रेडन साहेब आला.

साहेबाचं म्हणणं, मला मांडू पाहायचंय, जुना दोस्त बरोबर हवा. जुन्या दोस्ताने बायकोलाही घेतलं, कारण पुऱ्या कोण करणार? रूपमतीच्या महालाच्या गच्चीवर आम्ही बसलो. खाली निमाडचा उतार, लांबवर नर्मदेची रेघ. मी डबा सोडत होते. साहेबाने इकडच्या तिकडच्या गप्पा संपवल्या आणि आपल्या पुस्तकी हिंदुस्थानीत मुद्द्याला हात घातला.

रंगूनला आता नवीन सरकार होतं. ज्या तरुण पोरांनी क्रांती करून इंग्रजांना घालवलं त्यांचं. डोंगरातल्या करेनांचं आणि त्यांचं जुनं वैर. करेनांना स्वतःचं वेगळं राज्य हवं होतं आणि ते बंड करायच्या तयारीत होते. विलायत सरकार उघडपणे रंगूनशी दोस्ती ठेवून होतं, पण लंडनमधल्या काही जुन्या लष्करी मंडळींनी आणि सागवानाच्या व्यापाऱ्यांनी बंडवाल्यांसाठी बंदुका जमवल्या होत्या. विमानं त्या वरून टाकणार होती. हवा होता फक्त एक वायरलेसवाला, ज्याच्या शब्दावर ते डोंगरी लोक विश्वास ठेवतील.

"बाबू, वो लोग सिर्फ़ तुमको मानते हैं," साहेब म्हणाला. "बस, छह महीने."

मला राहवलं नाही. मी मराठीत म्हटलं, "भांडण त्यांचं, बंदुका याच्या, आणि मरायला आपण. विचारा की त्याला, त्याचा स्वतःचा मुलगा कुठे पाठवलाय?"

साहेबाने हसून विचारलं, "बाईसाहेब क्या फ़रमाती हैं?"

शरच्चंद्र म्हणाला, "कह रही हैं, पूरी और लीजिए."

साहेबाने आणखी दोन पुऱ्या घेतल्या. माझा इतका संताप झाला की लोणचं मी त्याला वाढलंच नाही. तेवढाच माझा सूड.

परतताना शरच्चंद्राने मला सॉ थानची गोष्ट सांगितली. सॉ थान हा करेनांच्या एका गावचा म्हातारा मुखिया. लढाईत शरच्चंद्र तापाने फणफणलेला असताना त्याने याला धान्याच्या कोठारात लपवलं. जपान्यांनी गाव पेटवलं तरी म्हाताऱ्याने तोंड उघडलं नाही. "त्याला आम्ही शब्द दिलाय, तुमचं राज्य तुम्हाला मिळवून देऊ म्हणून," तो म्हणाला.

"साहेबाने दिला असेल. तुम्ही कोण देणारे?"

"साहेब इंग्रजीत बोलला. त्यांच्या भाषेत सांगितलं ते मी."

दिवाळी झाल्यावर तो निघाला. बाहेर सगळ्यांना सांगितलं, कलकत्त्याला नोकरी लागली. निरोपाच्या वेळी शेजारपाजारच्या बायका जमलेल्या, त्यामुळे बोलायची सोय नव्हतीच. त्याने दाराच्या चौकटीवर नख ओढलं, टिचकी मारली, पुन्हा नख ओढलं. माझ्या हातात ओवाळणीचं तबक होतं. मी तबकाच्या काठावर उत्तर वाजवलं.

पहिल्या वर्षी साहेबाच्या कलकत्त्यातल्या लोकांमार्फत त्याच्या खुशालीच्या दोन-चार ओळी येत राहिल्या. मग त्याही थांबल्या. मग इंदूरच्या पेपरात कुठेतरी कोपऱ्यात छापून आलं, की रंगूनमध्ये बंडखोरांना हत्यारं पुरवणारे काही परदेशी पकडले आणि मायदेशी पाठवून दिले. ब्रेडन साहेबाचं नाव त्यात होतं. म्हणजे साहेब आपल्या घरी पोहोचला. माझा नवरा कुठे पोहोचला, हे कोणत्याच पेपरात नव्हतं.

मी दिल्लीला अर्ज केले. आपलं सरकार रंगून सरकारच्या बाजूचं. तिकडच्या बंडवाल्यांमध्ये आपला एक माणूस आहे, हे ऐकून घ्यायलाच कोणी तयार नव्हतं. साहेबाच्या लोकांना लिहिलं तर उत्तर आलं, या नावाचा कोणी आमच्या माहितीत नाही. एकाच्या लेखी तो गेलाच नव्हता, दुसऱ्याच्या लेखी तो कधी नव्हताच. कढईवर वाजवायला मात्र मी अजून होते.

वाट पाहणाऱ्या बाईचं काय होतं ते सांगते. पहिल्यांदा सगळे विचारतात. मग कोणी विचारत नाही. मग तुम्ही समोर आलात की बोलणं थांबतं. चैत्रातल्या हळदीकुंकवाला मला बोलावणं यायचं, पण कुंकू लावणारीचा हात माझ्या कपाळापाशी येऊन जरा अडखळायचा. हिची ओटी भरायची की नाही, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. त्यांचा तरी काय दोष? मलाही ठरवता येत नव्हतं. घरी येऊन मी रिकाम्या ओसरीकडे पाहत पोळ्या लाटायची. सासूबाई आणि मी एकमेकींशी मिठाचं, पिठाचं बोलायचो. त्याचं नाव दोघीही काढत नव्हतो.

त्रेपन्न साली महूचे सुभेदार संताजी घरी आले. ते रंगूनला आपल्या वकिलातीत पहाऱ्यावर होते. पागोटं मांडीवर ठेवून त्यांनी सांगितलं, "आईसाहेब, त्या डोंगरावर फौज चढली. वर कोणी जित्ता राहिला नाही म्हणतात."

"तुम्ही पाहिलं?" मी विचारलं.

"नाही, बाई. ऐकलं."

सासूबाईंनी ते खरं धरलं, मी धरलं नाही. देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याचं दहन करायचं, अशी आमच्यात रीत आहे. नारायणशास्त्री येऊन सांगून गेले. मी सरळ नाही म्हटलं. ऐकीव गोष्टीवर मी कपाळ पांढरं करणार नव्हते.

मग पितृपक्ष आला. सासूबाई रोज अंगणात कावळ्यासाठी पान ठेवायच्या आणि दुपारपर्यंत खांबाला टेकून बसायच्या. शेजारच्या घरी कावळे तुटून पडायचे, आमच्या पानाला एकही शिवायचा नाही. शेवटी त्यांनी अन्न सोडलं. मी पेज घेऊन गेले तर माझा हात दूर सारून म्हणाल्या, "माझा शरू त्या रानात उपाशी फिरतोय. आणि तू त्याला तुझ्या कुंकवापायी अडवून धरलंयस."

त्या वाक्याने माझं बळ संपलं. मी हो म्हटलं.

घरात दुसरा कोणी कर्ता माणूस नव्हता, त्यामुळे अग्नी देण्याचं माझ्यावर आलं. मालवीत पळसाला खाखरा म्हणतात. गावाबाहेरच्या रानातून ताज्या खाखऱ्याचे भारे आणले. ज्या पानांच्या पत्रावळीवर माझ्या लग्नाची पंगत उठली, तीच पानं. शास्त्रीबुवांनी काळविटाच्या कातड्यावर ती रचली: हे हात, ही छाती, हे पाय. लोकरीच्या दोऱ्याने बांधली. डोक्याच्या जागी नारळ. वरून सातूचं पीठ लिंपलं. "नाव आणि गोत्र मोठ्याने म्हणा," ते म्हणाले. उखाण्यापलीकडे नवऱ्याचं नाव मी कधी घेतलं नव्हतं. "शरच्चंद्र," मी म्हटलं. तेव्हापासून मी त्याचं नाव घ्यायला मोकळी झाले. म्हणूनच इथे बेधडक घेते आहे.

पानं ओली होती, पेटेनात. मी गुडघे टेकून फुंकत बसले. धुराने डोळे भरले, आणि मग ते धुरानेच भरले आहेत असं म्हणायची सोय राहिली नाही. मी गळा काढून रडले. मंगळसूत्र मी स्वतः तोडून त्यात टाकलं. पानांचा असला तरी तो माझाच माणूस होता, आणि त्याला मी शेवटपर्यंत जळताना पाहिलं.

त्यानंतर धारमध्ये माझा जीव लागेना. देवासला येऊन मास्तरकीचं शिक्षण घेतलं, शाळेत लागले, टेकडीच्या पायथ्याशी एक खोली घेतली. पांढरं लुगडं, मोकळं कपाळ, हातात खडू. सुट्टीत धारला जाऊन सासूबाईंचं धुणंपाणी, पापड-लोणची करून यायची. एकटी होते, पण त्या एकटेपणाला आता नाव होतं. लोकांना माझ्याशी कसं वागायचं ते कळत होतं. नुसतं तेवढ्यानेही जगणं सोपं होतं.

सत्तावन्न सालच्या थंडीत तार आली: शरू आला, लगेच ये.

शाळेच्या पोर्चमध्ये मी ती तार वाचली आणि खालीच बसले. चपराशी पाणी घेऊन धावला. "कंई हुयो, बेनजी? कोई गुजर गयो कंई?" मी मान हलवली. कोणी गेलं नव्हतं, हे त्याला कोणत्या भाषेत सांगू?

धारला पोहोचले तर अंगणात अर्धी आळी उभी. ओसरीच्या पायरीखाली, उघड्यावर, एक टकला, काळवंडलेला माणूस पत्रावळीवर जेवत होता. पुढचे दात नव्हते. सासूबाई उंबऱ्याच्या आतून त्याला वरून भात घालत होत्या आणि ढसाढसा रडत होत्या. ज्याचं दहन झालंय, श्राद्धं झालीत, त्याला शास्त्र विचारल्याशिवाय घरात घेणार कसं? पोटचा पोर दारात, आणि आईला त्याला शिवायची चोरी.

त्याने वर पाहिलं. माझं लुगडं पाहिलं, कपाळ पाहिलं. मग म्हणाला, "सुमंगल, वाळलीस गं."

चक्क घराच्या अंगणात, सगळ्यांसमोर, दिवसा. पहिल्यांदाच.

नारायणशास्त्र्यांनी पोथ्या उलटसुलट केल्या आणि तोडगा सांगितला. ज्याचं और्ध्वदैहिक झालं तो परत आला, तर त्याने पुन्हा जन्म घ्यायचा. तुपाच्या घागरीत बसवून बाहेर काढायचं, मग जातकर्म, बारसं, मुंज, सगळं ओळीने. "आणि शेवटी," माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "त्याच पत्नीशी पुन्हा विवाह. म्हणजे त्या पुन्हा सौभाग्यवती."

बायकांमध्ये आनंदाची लाट उसळली. कुंकू, हिरव्या बांगड्या, ओटी, पंगतीत बसणं, सगळं एका मुहूर्तात परत मिळणार होतं. जे मागायची मला छातीच झाली नव्हती ते आयतं पुढ्यात आलं होतं. मी का हसत नाही, हे मलाच कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो जन्मला. घरात एवढी मोठी घागर कुठली? शेजारच्या हलवायाकडून मोठा हंडा आणला, आतून तूप माखलं आणि चाळिशीच्या घरातल्या त्या माणसाला गुडघे पोटाशी घेऊन आत बसवलं. बाहेर काढताना तो निसटला आणि दोघा भटजींसह धपकन खाली बसला. सासूबाईंनी त्याच्या जिभेवर मध-तूप चाटवलं. बायकांनी पाळणा म्हटला. त्याचं टक्कल तुपाने चकाकत होतं आणि तो कानकोंडा होऊन डोळे मिटून बसला होता. मला हसू फुटलं. कितीतरी वर्षांनी मी पोट धरून हसले. त्याने डोळे उघडून पाहिलं आणि तोही हसला, आणि त्या बोळक्या हसण्यात मला क्षणभर खांबावर वाजवणारा दिसला. वाटलं, करावं लग्न. काय हरकत आहे?

त्या दुपारी आम्ही गावातल्या मुंज राजाच्या तलावाच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. नवजात मुलाला फिरायला बंदी आहे की काय, हे मी शास्त्रीबुवांना विचारलं नाही.

त्याने सगळं सांगितलं. डोंगरमाथ्यावर त्यांनी झाडं तोडून मोकळी जागा केली होती, विमानांना दिसावी म्हणून. ठरलेल्या वेळी लाकडांचे ढीग पेटवायचे. पहिल्या हिवाळ्यात दोनदा विमान आलं. बंदुका पडल्या, औषधं पडली, सॉ थान लहान पोरासारखा नाचला. मग साहेब पकडला गेला. विमान बंद. वायरलेसवर हा रोज हाक द्यायचा, पलीकडून काही नाही.

"म्हातारा रोज विचारायचा, काय म्हणतात? मी कानाला लावलेलं काढायचो आणि सांगायचो, म्हणतात, थांबा, येतोय."

"आणि पलीकडून कोणीच बोलत नव्हतं?"

"कोणीच नाही. साहेब विलायतेला गेला, हे मी रेडिओच्या बातम्यांत ऐकलं होतं. पुढे तर बॅटरीही संपली. तरी मी कानाला लावून बसायचो."

"म्हणजे कोणी येणार नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

"कधीपासून?"

"पहिला पावसाळा संपला तेव्हापासून."

तलावात म्हशी डुंबत होत्या. त्यांच्यामागे एक गुराखी हाका मारत होता. शरच्चंद्र पुढे सांगत राहिला. येणार येणार म्हणून ते लोक तो डोंगर सोडून गेले नाहीत. ती मोकळी जागा राखत बसले. फौज चढली तेव्हा सॉ थान लाकडांच्या ढिगापाशीच मेला. पेटवायला गेला होता. त्याला वाटलं, वरचा आवाज आपल्या विमानाचा आहे. तो सरकारच्या विमानाचा होता. हा उरलेल्या लोकांबरोबर रानात पळाला, मग धरला गेला, मग तुरुंग, मग सोडून कलकत्त्याच्या बोटीत बसवलं.

"त्यांना सोडून यायचं होतं मला," तो म्हणाला. "पण ज्यांना खोटं सांगून बसवलं, त्यांना तसंच टाकून कसा येऊ?"

खरं सांगते, मला त्याचा अभिमान वाटला. साहेब गेला, हा राहिला. ज्याने शब्द दिला तो पळाला, आणि ज्याने फक्त दुसऱ्या भाषेत सांगितला त्याने तो वाहिला. मी त्याच्या हातावर हात ठेवणार होते. ठेवण्याआधी एकच विचारलं.

"त्या डोंगरावरून कोणी खाली जात-येत नव्हतं का?"

"जायचे की. मीठ, तंबाखू आणायला सयामच्या हद्दीत. महिन्या-दोन महिन्यांनी."

"तिथे पोस्ट होतं?"

"होतं."

"मग एक ओळ?"

"काय लिहिणार होतो, सुमंगल? येतो म्हणून लिहिलं तर खोटं. येत नाही म्हणून लिहिलं तर… मला धीर झाला नाही. वाटायचं, ती थांबेल. ती आहेच."

ती आहेच. डोंगरावरच्या लोकांना तो रोज खोटं का होईना, काहीतरी सांगत होता. मला तेवढंही नाही. साहेब त्यांच्याशी जसा वागला, तसाच हा माझ्याशी वागला होता, आणि हे त्याच्या अजून ध्यानात आलं नव्हतं. मी ते त्याला सांगितलं. रागावून नाही, राग कुठे गेला होता कोण जाणे. त्याचा चेहरा असा झाला, जणू कोणी त्याला तिथल्या तिथे दुसऱ्यांदा धरलं. तो म्हणाला, "हो. खरंय." बस, तेवढंच. आम्ही उठून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी मुंज झाली. त्याच्या टकलावर शेंडी कुठे ठेवायची, यावर भटजींचा वाद झाला. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी लग्नाच्या तयारीत कासारीण आली. सासूबाईंनी मला पाटावर बसवलं. हिरव्या बांगड्यांची चळत समोर. कासारणीने माझा हात हातात घेतला, दाबला, वळवला. "हाड मोठी हुई गी, बई," ती म्हणाली, "जरा दुखसी." पहिली बांगडी बोटांवरून मुठीपर्यंत आली आणि अडकली. अंगणात शरच्चंद्र उभा होता, मुंडावळ्या हातात घेऊन. तो माझ्या हाताकडे पाहत होता.

मी हात मागे घेतला. बांगडी कासारणीच्या बोटांत राहिली.

"सासूबाई, मी हे लग्न करणार नाही."

चुलीवरचं दूध उतू गेलं, ते उतरवायला कोणी उठलं नाही. शास्त्रीबुवा म्हणाले, "अहो, शास्त्र आहे."

"शास्त्राप्रमाणेच बोलतेय," मी म्हटलं. "परवा जन्मलेल्या मुलाशी लग्न कसं करू? आधी मोठं होऊ द्या त्याला."

दोन-तीन बायका हसल्या आणि लगेच तोंडाला पदर लावला. सासूबाई हसल्या नाहीत. त्या माझ्यासमोर मटकन बसल्या. "सूनबाई, थट्टा नको गं. देवाने दिलंय ते लाथाडू नको. जन्मभर पांढऱ्या कपाळाने राहशील?"

तेव्हा मात्र माझा आवाज फुटला. "सासूबाई, माझा नवरा होता. त्याच्यासाठी मी कुंकू राखलं, तुमच्याशी भांडले, आणि मग तुमच्यासाठीच त्याला ह्या हातांनी जाळलं. त्याच्यासाठी माझ्याजवळ जे काही होतं ते त्या पानांबरोबर गेलं. आता काही शिल्लक नाही. हे तुमचे शरू आहेत. मी यांना ओळखते. पण ज्याची मी वाट पाहिली तो हा नव्हे."

सासूबाईंनी माझा हात धरला आणि मग सोडला. अंगणात शरच्चंद्राने मुंडावळ्या गुंडाळून तुळशीवृंदावनावर ठेवल्या. तो निदान भांडला असता, तरी मला बरं वाटलं असतं.

दुपारच्या बसला तो माझी ट्रंक घेऊन आला. मी नको म्हटलं नाही. बसस्टँडवर धूळ, ऊस, शेंगदाणेवाले. मी खिडकीपाशी बसले, मांडीवर सासूबाईंनी दिलेला लाडवांचा पितळी डबा. त्याही स्थितीत त्यांनी लाडू द्यायचे सोडले नव्हते. तो खाली, खिडकीखाली उभा. वर पाहत नव्हता. ड्रायव्हर पुढे पाणी ओतत होता.

मग बसच्या पत्र्यावर आवाज आला. ओरखडा, टिचकी, ओरखडा.

पांढरं लुगडं नेसल्यापासून ती खूण मी कुठे ऐकली नव्हती. कधी एखाद्या पोरीने पाटीवर पेन्सिल ओढली तरी मी दचकायची. आता ती चार इंचांवर होती. तो थांबला. कानाला लावून बसायची सवय असलेला माणूस थांबतो तसा, मान थोडी वाकडी करून. मग त्याने पुन्हा वाजवलं.

कंडक्टर ओरडला, "कुण पतरो बजई रियो है, भिया? गाड़ी सरकारी है!"

त्याने तिसऱ्यांदा वाजवलं. हळू. बोल, मी ऐकतोय.

माझं नख डब्याच्या झाकणावर होतं. उत्तर मला ठाऊक होतं, विसरले नव्हते. बस सुरू झाली, धुरळा उडाला, आणि तो त्यात उभाच राहिला, हात अजून वर धरलेला. मी वाजवलं नाही. वाजवलं असतं तर खोटं ठरलं असतं, आणि त्याने खोट्या उत्तरावर आणखी किती वर्षं काढली असती देव जाणे.

वाटेतलं घाटाबिल्लोद येईपर्यंत नख झाकणावर तसंच होतं. मग शेजारच्या बाईने विचारलं, डब्यात काय आहे, आणि मी तिला लाडू दिला.